शेजारच्या मुलाची साक्ष

बेहाला, कलकत्ता
३ फेब्रुवारी १९५२

प्रिय चारू,

गुरुवारी सरस्वतीपूजेला शाळेच्या मागच्या अंगणात पंगतीला बसलो होतो. एका मुलीने माझ्या पानात खिचडी वाढली, ‘आर एकटू दिइ?’ असं विचारलं, आणि मी ‘पुरे’ म्हणायचं विसरलो. तिथून माझं सगळं बदललं. खिचडी पानाबाहेर गेली, शेजारच्या दत्तबाबूंच्या धोतरापर्यंत पोचली, ते ओरडले, ती हसली. मी आपला हात पानावर आडवा धरायचं सोडून मांडीवर ठेवून बसलेला. पिवळी साडी, कोपरापर्यंत हळद लागलेली, हातात पितळी बादली. बस, एवढंच.

नाव विचारू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला सातवीपासून माहीत आहे. सांगण्यासारखं झालं की सांगेन.

यंदा आपल्या वेळची बरीच मुलं आली होती. मुलं म्हणजे काय, निम्म्यांना पोटं सुटलीत. जेवणं झाल्यावर टेंबे सरांनी सगळ्यांना आठवीच्या वर्गात नेऊन आपापल्या बाकांवर बसवलं. आपला खिडकीजवळचा तिसरा बाक अजून डुगडुगतो. तू पायाखाली कोंबलेला आफ्रिकेचा नकाशा मात्र आता तिथे नाही. मी एकटाच बसलो होतो. आणि सरांनी, केस पांढरे झालेत पण आवाज तोच, फळ्यावर डस्टर आपटून विचारलं, ‘पाशेर छेले की बोले?’ शेजारचा मुलगा काय म्हणतो? वर्ग असा हसला की खालून शिपाई वर आला.

मग झाली साक्ष सुरू. एक गुण, एक अवगुण, आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याने खिडकीबाहेर बघत गप्प बसायचं. फौजदार झालेल्या बिमलने वकील झालेल्या तारापदाबद्दल सांगितलं, ‘गुण, उधार दिलेलं विसरतो. अवगुण, घेतलेलंही विसरतो.’ माझी पाळी आली तेव्हा सर म्हणाले, ‘मनोहर, तुझा शेजारी कुठे आहे?’ मी म्हटलं, ‘वडिलांची बदली झाली सर, नागपूरला पळाला.’ ते म्हणाले, ‘मग तुझ्याबद्दल कोणाला विचारायचं?’ सगळे हसले. मला उगाच पोरकं वाटलं.

हावड्याचा कारखाना चालू आहे. पंपांच्या बिलांवर शिक्के मारतो. मालकाशी अजून भांडलो नाही.

तुझा,
मनोहर

~

नागपूर
१४ फेब्रुवारी १९५२

प्रिय मन्या,

तुझं पत्र कचेरीत घेऊन गेलो आणि साहेबासमोर फाइलीत घालून वाचलं. खिचडीपाशी हसू फुटलं. साहेब म्हणाले, ‘देशपांडे, पेन्शनच्या अर्जात हसण्यासारखं काय आहे?’

बुवा, तू शेवटी बंगाली मुलीच्या प्रेमात पडलास. पडणारच होतास. तिकडे जन्मलास, माशांच्या वासात वाढलास, तुझी आई तुला मराठीत रागावली तरी तू उत्तर बंगालीत द्यायचास. आता मला सांग, घरी कळल्यावर तुझे वडील आधी तुला मारतील की आधी खाली बसतील?

आफ्रिकेचा नकाशा गेला याचं खरंच वाईट वाटलं. अख्ख्या शाळेत मराठी मुलं आपण दोघंच, म्हणून सरांनी एका बाकावर बसवलं. बाकीच्यांना वाटायचं आपण भाऊ आहोत. इथे कचेरीत सगळेच मराठी, आणि एकही आपला वाटत नाही. संध्याकाळी कधी कधी सीताबर्डीवरून चालताना मला एकदम आपल्या शाळेबाहेरचा मुडीवाला आठवतो. चुरमुऱ्यांवरच्या मोहरीच्या तेलाचा तो वास इथे कुणाच्या घरी येत नाही. आई म्हणते, ‘पुरे तुझं कलकत्ता.’

सरांना नमस्कार सांग. त्यांची वृंदा अजून दोन वेण्या घालून जिन्यात बसते का, आपल्याला वर जाऊ न देता?

तुझा,
चारू

~

बेहाला
१६ मार्च १९५२

प्रिय चारू,

शाळेला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतील. त्यानिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचं पुस्तक निघतंय आणि ते सरांच्या गळ्यात पडलंय. सरांनी अट घातली आहे की कोणी स्वतःबद्दल लिहायचं नाही. ज्याने त्याने आपल्या शेजारच्या मुलाबद्दल लिहायचं. टंकलेखनाला मी. दर रविवारी सकाळी बेहाल्याहून ट्राम धरून कालीघाटला सरांच्या घरी जातो आणि दुपारपर्यंत बडवत बसतो. आठवणी वाचून माणूस हसतो आणि मग मशीनवरचा हात थांबतो. एकाने तर शेजारच्याच्या डब्यातल्या लुचीवर तीन पानं लिहिली आहेत. शेजारी दंग्यात गेला, ते शेवटच्या ओळीत.

रविवारी ती दिसते. दर रविवारी. चहात साखर जास्त घालते, आणि मी सांगत नाही. परवा एकदा म्हणाली, ‘तुम्ही टाइप करता तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात. एवढा राग कोणावर?’ मी म्हटलं, ‘मशीन जुनं आहे.’ म्हणाली, ‘मशीनला माहीत आहे का?’

आता कामाचं. तुला सरांचं पत्र येईल. त्याबद्दल मी तुला काहीही लिहिणार नाही. नियम तुला माहीत आहे, साक्षीदाराला कोपर मारायचं नाही. वरची दीड ओळ खोडली आहे, ती म्हणजे कोपरच झालं असतं. तू वेळेवर उत्तर लिही, एवढंच.

मनोहर

~

नागपूर
२७ मार्च १९५२

प्रिय मन्या,

ती खोडलेली ओळ दिव्यासमोर धरून बघितली. ‘पुढचं सगळं’ एवढं वाचता आलं. पुढचं सगळं काय रे? पुस्तकाचं पुढचं सगळं काम माझ्यामुळे अडलं होतं की काय? आता अडणार नाही. सरांचं पत्र आलं आणि उत्तर गेलंसुद्धा.

पत्र अगदी सरांसारखं. ‘चि. चारुदत्त यास आशीर्वाद. मनोहरविषयी, त्याचा शेजारी म्हणून, जे ठाऊक असेल ते मोकळ्या मनाने लिहावे. एक गुण, एक अवगुण.’ बाकी काही नाही. मी रात्री बसलो आणि आठ पानं झाली. बाकीच्यांनी काय लुच्या लिहायच्या त्या लिहू देत, पुस्तकात तुझ्यासारखा दुसरा माणूस निघणार नाही.

आठवीच्या वर्गाचं दार तू आपटलंस आणि काच तडकली, ते सगळं घातलं. सरांनी मधल्या सुट्टीभर तुझ्याकडून ते दार उघडून लावून घेतलं, ‘दारावर बसलेल्या माशीला कळता कामा नये’ म्हणाले, आणि शेवटी तू ते इतकं हलकेच लावलंस की आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांचा राग येऊन तू ते पुन्हा आपटलंस. मग कॉलेज. ‘ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी जावं’ असं प्राध्यापक म्हणाले, तू गेलास, आणि परत गेलाच नाहीस. मग खिदिरपूरची नोकरी, मग ती छापखान्याची. आणि शेवटी, रागावू नकोस, नाव न घेता तुझी खिचडीवाली बंगाली मुलगीसुद्धा घातली आहे. तिच्याशिवाय शेवट जमेना. लिहिलंय की हल्ली स्वारी तिच्यापायी वेडी झाली आहे, ‘पण आमच्या मनोहरचं वेड आजवर चार महिन्यांपलीकडे गेलेलं नाही, तेव्हा वाचकांनी काळजी करू नये.’ सर हसतील की नाही बघ.

गुण लिहिला, मित्रासाठी जीव देईल. अवगुण लिहिला, देण्याआधी दार आपटेल.

लिहिताना दोनदा डोळे पुसले. खरं सांगतो, तुझ्याइतकं मी कोणाबद्दल लिहू शकलो नसतो.

तुझा,
चारू

~

बेहाला
८ एप्रिल १९५२
(हे पत्र पेटीत टाकलेलं नाही)

चारू,

ती बंगाली नाही. ती वृंदा आहे. सरांची वृंदा. दोन वेण्या घालून जिन्यात बसणारी. इथे जन्मलेली, इथे वाढलेली, पंगतीत वाढताना तोंडात बंगाली नाही येणार तर काय येईल? माझ्या तोंडात काय येतं? तुला एवढं कळू नये? तूही इथेच वाढलास ना?

मी सरांकडे तिला मागितली होती. मार्चच्या नऊ तारखेला, टाइप करता करता, मशीनवरचा हात न काढता. आधी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘माझं मला माहीत आहे. बाबांचं तुम्ही बघा.’ सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ‘तुझ्याबद्दल तुला काय विचारू? पाशेर छेलेला विचारतो.’ मला आनंद झाला, चारू. मला वाटलं, दुनियेत एका माणसाला विचारायचं असेल तर ते ह्याच माणसाला विचारावं. आणि सरांनी बजावलं, ‘कोपर मारायचं नाही.’ मी मारलं नाही. एवढी एक गोष्ट आयुष्यात मी नियमाने केली.

रविवारी सरांनी तुझी आठ पानं मोठ्याने वाचली. वृंदा दारात उभी. मी नियमाप्रमाणे खिडकीबाहेर बघत. पहिली चार पानं ती हसत होती. काचेला हसली, टाळ्यांना तर खूपच हसली. तू छान लिहितोस रे. मीही हसत होतो. कॉलेजपाशी सरांचा आवाज खाली आला. नोकऱ्यांपाशी कोणी हसेना. त्यात एक अक्षर खोटं असतं तर मी ओरडलो असतो, पण कशावर ओरडायचं? सगळं जसंच्या तसं. मग शेवटचं पान आलं. सर थांबले, पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं. वृंदाने विचारलं, ‘ही बंगाली मुलगी कोण?’

एक शब्द पुरे होता. ‘तूच.’ माझ्या जिभेवर आला होता. पण ती ज्या तऱ्हेने बघत होती, की हिने क्षणभर का होईना खरं मानलं, त्याने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘हे मला विचारतेस?’ केवढ्याने म्हणालो ते खालच्या मजल्यावर विचार. आणि उठलो, आणि निघालो, आणि दार आपटलं. जिन्यात उतरेपर्यंत भिंत हलत होती.

सोमवारी तिच्या कॉलेजच्या कोपऱ्यावर ट्रामच्या थांब्याला उभा राहिलो. म्हटलं, ‘ती तूच होतीस. पंगतीतली.’ म्हणाली, ‘ते कळलं. तुम्ही जिना उतरत होता तेव्हाच कळलं.’ ‘मग सरांना सांग.’ ‘सांगितलं. बाबा म्हणाले, मुलगी कोण हा प्रश्नच नाही आता. चारुदत्तचं एक वाक्य चुकलं, बाकीच्या आठ पानांवर मनोहरने माझ्यासमोर सही केली.’ मी विचारलं, ‘आणि तू काय म्हणालीस?’ ती ट्रामकडे बघत होती. म्हणाली, ‘मला भीती वाटली, मनोहर. मला वाटलं नव्हतं की मला तुमची भीती वाटेल.’ मग ट्राम आली.

मी तुझ्यावर रागावू कसा? हे मला सांग आधी. ज्या गोष्टींसाठी तू डोळे पुसलेस त्याच गोष्टींनी माझा घात केला. मारायला हात उचलावा तर समोर कोणी नाही. तू नागपुरात बसून मला आठवतोस, माया करतोस, आणि मी इथे

~

बेहाला
८ एप्रिल १९५२

प्रिय चारू,

तुझं पत्र पोचलं. तुझी पानं सरांनी वाचून दाखवली. छान लिहिलीस. पुस्तकात घेणार नाहीत, फार लांब आहेत. टंकलेखनाचं काम मी सोडलं आहे, कारखान्यात वेळ होत नाही.

मनोहर

~

नागपूर
२ मे १९५२

प्रिय मन्या,

तुझं चार ओळींचं पत्र वाचून वाटलं, स्वारीचे चार महिने यंदा लवकरच भरले वाटतं. बिचारी खिचडी. जाऊ दे, ती काय तुझ्या घरी चालली असती?

आता बस आणि ऐक. सरांचं पत्र आलंय, बाबांच्या नावाने. वृंदासाठी मला विचारलंय. मी दोनदा वाचलं, मग आईने वाचलं, मग आईने देवापुढे साखर ठेवली. सरांनी लिहिलंय, ‘चारुदत्तने मित्राविषयी जे लिहिले ते वाचून वाटले, इतक्या मायेने आणि इतक्या खरेपणाने जो दुसऱ्याकडे बघतो, त्याच्या घरी माझी मुलगी सुखी राहील.’ म्हणजे बघ, तुझ्यावर आठ पानं लिहिली आणि लग्न माझं ठरतंय. हे तुझंच देणं आहे, मन्या. लग्नात तुला माझ्या शेजारी बसवणार. डुगडुगला पाट तर नकाशा घालू.

वृंदा होय म्हणते असं सरांनी लिहिलंय. मला आठवते ती जिन्यातली. आता कशी दिसते रे? तुला तर दर रविवारी दिसत होती. तू कधी काही बोलला नाहीस.

अर्थात सर माझ्याबद्दल माझ्या बाबांना विचारून थांबणार नाहीत. तुला बोलावतील. पाशेर छेले की बोले? एक गुण, एक अवगुण. मी कोपर मारत नाही. पण तू जे सांगशील ते मला मान्य आहे, आणि तू वाकडं सांगणार नाहीस हे मला पोस्टाच्या शिक्क्याइतकं ठाऊक आहे.

तुझा,
चारू

~

बेहाला
१२ मे १९५२

प्रिय चारू,

काल सरांकडे जाऊन आलो. तुझी साक्ष झाली. कशी झाली ते तुला सांगायला हवं.

सरांचा निरोप शनिवारी कारखान्यात आला. न जाण्याचं ठरवलं होतं. मग वाटलं, न गेलो तर सर समजतील की तुझ्याबद्दल काही वाईट आहे जे मला बोलवत नाही. म्हणून गेलो. दाढी करून गेलो.

मशीनवर कापड घातलेलं होतं. सरांनी मला समोर बसवलं. म्हणाले, ‘मनोहर, हे तुला विचारणं मला जड जातंय. पण मी तीस वर्षं दुसऱ्या कोणाला विचारलेलं नाही.’ मी म्हटलं, ‘विचारा सर.’ ते म्हणाले, ‘विचारतो तेव्हा एवढं लक्षात ठेव, तू नाही म्हणालास तर मी पुढे जाणार नाही. तू काय म्हणतोस त्यावर आहे.’

चारू, एवढा वेळ माझ्या हातात काही नव्हतं, आणि एकदम सगळं देऊन ठेवलं. तुझी एखादी गोष्ट मला आठवली नसती असं नाही. नववीतलं आठवत होतं, तुझ्या मामाच्या घरचंही. मी वाकडी नाही, सरळच सांगितली असती, तुझ्यासारखी, मायेने, तरी लग्न मोडायला पुरली असती. ती कशी सांगायची ते तुझ्याकडूनच शिकलो.

वृंदा चहा घेऊन आली. साखर बरोबर होती. कप ठेवून ती दारात उभी राहिली, तुझी पानं वाचली तेव्हा उभी होती तिथेच. फक्त ह्या वेळी खिडकीबाहेर ती बघत होती.

मी म्हटलं, ‘गुण, त्याने माझ्याबद्दल जे लिहिलं ते सगळं खरं लिहिलं. मला ठाऊक असलेल्या माणसांत असं दुसरं कोणी नाही.’

सर म्हणाले, ‘आणि अवगुण?’

मी म्हटलं, ‘ज्याच्यावर त्याची माया असते, त्याचं त्याला काही पोटात ठेवता येत नाही.’

सर हसले. किती दिवसांनी हसले असतील. म्हणाले, ‘अरे, याला अवगुण म्हणतात होय?’ वृंदा हसली नाही. तिने माझा कप उचलला. चहा संपला नव्हता, तरी उचलला.

तू विचारलंस, कशी दिसते. मी नीट सांगू शकणार नाही. तू स्वतः येऊन बघ. एक कर, घरात मोठ्याने बोलू नकोस. तू बोलत नाहीसच, पण तरी. आणि मराठीच बोल असा हट्ट धरू नकोस. दमली की तिला बंगालीच येते.

लग्नाला माझं येणं कठीण दिसतं. मालक रजा देणार नाही. मागायला गेलो तर मी भांडून नोकरी सोडीन, आणि मग तुला नववं पान लिहावं लागेल.

तुझा शेजारी,
मनोहर

ता. क. दाराचं लिहायचं राहिलं. निघालो तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता. सरांचं जिन्याचं दार तुला माहीत आहे, अशा वाऱ्यात नुसतं सोडलं तरी आपोआप आपटतं. माझ्या मागे सर होते, आणि ती होती. मी बाहेर आलो, दोन्ही फळ्या दोन हातांनी धरल्या आणि खिट्टी पडेपर्यंत सोडल्या नाहीत. माशीला कळलं नसतं, चारू, असं मी ते दार लावलं.